गाळलेली पावडर

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते. वजिराबादच्या गल्लीत जिन्याखाली माझं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, दोन खुर्च्या आणि फळ्यांवर छतापर्यंत रचलेली प्रिंटरची रिकामी कार्ट्रिजं. दुपारचे तीन, मे महिना, नांदेडचं ऊन, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण पंखा लावला की पावडर उडते. करंगळीनं बटण दाबलं आणि फोन खांद्यात धरला. नंबर अनोळखी. म्हटलं असेल कुण्या शाळेचा क्लार्क, छपाई फिकी येऊन राहिली म्हणून बोंबलणारा. तर बाई निघाली. तिनं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. घाबरत घाबरत म्हणाली, "तुमच्या घरचं कुणी हरवलं होतं का? सुदाम नावाचं?"

"हाव," मी म्हटलं. "माझा मोठा भाऊ. कुठं हाय? तुमच्यापाशी हाय का?"

फोनात मागं ताटं आपटल्याचा आवाज, कुणीतरी पाणी मागत होतं. मग ती एकदम म्हणाली, "लागला वो एकदाचा! सदुसष्टला लागला," आणि रडायला लागली. मला काही कळेना. मी ओरडलो, "अवो बाई, रडता काय, सांगा ना, हाय का तिथं?" ती म्हणाली, "मी देगलूरहून बोलून राहिले. गीतांजली. उदगीर रस्त्याला आमची खानावळ हाय, पार्वतम्माची म्हणलं की कुणीबी दावतंय. तुम्ही या. आमच्या सासूबाई बोलतील, मला न्हाई बोलता येत." आणि फोन ठेवला. मी उलटून लावला तर उचलेना. टेबलावर शाळेचं कार्ट्रिज उघडं पडलं होतं. ते तसंच सोडलं. फोनवर माझ्या गालाचं काळं लागलं होतं, तेवढं पुसलं.

लताला, माझ्या बायकोला फोन केला. दादा सापडला म्हटलं. ती म्हणाली, "आहेत ना? बरे आहेत ना?" मी म्हटलं हाव. बाई हाव म्हणाली नव्हती. पण लताला काय सांगणार होतो, की बाई रडली? माणूस आनंदानं पण रडतो. मीच नसतो का रडलो? स्टँडवर येईपर्यंत मी स्वतःला हेच समजावत होतो. लता रिक्षानं आली, तिच्या हातात पिशवी. दादाचा धुतलेला शर्ट, पायजमा, कंगवा, आणि त्याला आवडतात म्हणून राजगिऱ्याचे लाडू. "मी पण येते," म्हणाली. मी नको म्हटलं. का नको, तर उगाच दोघांची धावपळ, असं काहीतरी बोललो. खरं कारण वेगळं होतं. दादा हरवल्यावर मी छापलेला तो कागद तिथं कुणीतरी काढणार, आणि कागद निघाला की लताच्या हातात जाणार, आणि तिचं बोट त्यावरून फिरणार. आठ महिने ही गोष्ट मी पोटात घेऊन फिरतो आहे. माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

बस नायगावकडं निघाली. खिडकीची काच अर्धी अडकलेली, वारा सगळा चुलीतून आल्यासारखा. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा म्हातारा माझ्या हाताकडं बघत होता. लोक बघतातच. कोळशाचं काम का, विचारतात. मग मी सांगतो की कार्ट्रिज भरतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला, ते रिकामं भंगार गोळा करून काय करता वो? हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. अरे, रिकामं झालं म्हणजे झालं काय? पावडर संपली. सांगाडा जसाच्या तसा आहे, आतला रूळ आहे, पट्टी आहे, स्प्रिंग आहे. हे जाड प्लॅस्टिक, जमिनीत पुरलं तर आपली नातवंडं, पणतवंडं जातील पण ते तिथंच राहणार. आणि तुम्ही चिमूटभर पावडरीपायी ते उकिरड्यावर टाकता? तीनदा भरा, चारदा भरा, रूळ झिजला तर नवा रूळ घाला. अगदीच फुटलं तर आमचा भंगारवाला हैदराबादला पाठवतो, तिथं दळून त्याचे दाणे करतात, दाण्याचं आणखी काही होतं. मशीन म्हणतं संपलं, म्हणून तुम्ही मान डोलावता. मशीनला काय कळतंय, ते नुसती पानं मोजून राहिलंय. असं मी बोलत सुटायचो आणि दादा माझ्या शेजारी उभा राहून प्रत्येक वाक्याला मान हलवायचा, जणू त्यानंच मला शिकवलंय. गिऱ्हाइकं त्याला बघून हसायची. मी पण हसायचो, देवानं मला माफ करावं.

सुदामदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमचं गाव शिरूर अनंतपाळजवळ. तो सहा वर्षांचा असताना त्याला ताप आला, डोक्यात गेला म्हणतात, आणि तिथून पुढं त्याचं वय वाढलं, बाकी काही वाढलं नाही. शब्द मोजकेच. भात, पाणी, चल, बस, असे. मला देवा म्हणायचा. देविदास एवढं लांब त्याच्या जिभेला जमायचं नाही. आई गेल्यावर मी त्याला नांदेडला आणलं, त्याला बावीस वर्षं झाली. लतानं कधी तोंड वाकडं केलं नाही, हे तिचे उपकार. दुकानात त्याला एकच काम होतं आणि ते त्याच्याइतकं कुणी केलं नसतं. कार्ट्रिजचे दोन भाग असतात. एका भागात ताजी पावडर, दुसऱ्या भागात रूळ आणि रुळाच्या मागं एक कप्पा. कागदावर बसायची पावडर बसते, न बसलेली उरते, ती पट्टी खरवडून त्या मागच्या कप्प्यात टाकते. तिला आम्ही वेस्ट म्हणतो. कागदाचा भुगा, धूळ, जीव गेलेली पावडर. भरायच्या आधी तो कप्पा रिकामा करावा लागतो. दादा तोंडाला फडकं बांधून वर्तमानपत्रावर कार्ट्रिज आपटायचा, हळूच, लहान लेकराच्या पाठीवर थापटल्यासारखा. मग ती वेस्ट लताच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळायचा आणि बरणीत भरायचा. बरणी भरली की मला दाखवायचा. मी म्हणायचो, शाब्बास. त्याला तेवढं पुरायचं.

आता ती गाळलेली वेस्ट कशाला, तर या धंद्यात पुष्कळ जण ती ताज्या पावडरीत मिसळतात. गिऱ्हाइकाला कळत नाही, दोनशे पानं निघाली की झालं. मी कधी नाही केलं. वीस वर्षांत एक चमचा नाही. लातूरच्या ट्यूशनवाल्यांना विचारा, नांदेडच्या वकिलांना विचारा, देविदासनं भरलेलं कार्ट्रिज कधी फिकं निघालंय का. ही माझी इज्जत. गिऱ्हाइकाला ताजी म्हणजे ताजी. बरणीतली वेस्ट घरच्या मशीनला. घरी काय छापायचं असतं, आधारची झेरॉक्स, लाइटबिल, लताच्या बचत गटाची यादी. करडं उमटतं, मागं डाग येतात, बोट घासलं तर अक्षर बोटावर येतं. जीव गेलेली पावडर कागदाला नीट चिकटत नाही. पण घरी कोण बघतंय. चालतंय.

नर्सी आली. बस दहा मिनिटं थांबते म्हणाला कंडक्टर. सगळे चहाला उतरले, मी नाही उतरलो. मला वाटलं मी उतरलो आणि बस गेली तर. असलं काहीतरी वेड्यासारखं आठ महिने मनात येतं. रस्त्यावरून जाताना कुणी पाठमोरा, जरा वाकलेला, डोक्यावर पोतं घेतलेला दिसला की मी पुढं जाऊन तोंड बघतो. एकदा तर मी तरोडा नाक्याला गाडी तशीच सोडून एका माणसामागं धावलो, त्याला धरून फिरवला, तर तो भाजीवाला. त्यानं मला आईवरून शिव्या दिल्या आणि मला त्या गोड लागल्या. म्हटलं दे अजून.

तो गुरुवार मला तासातासानं पाठ आहे. दर गुरुवारी आम्ही दोघं लातूरला जायचो. ट्यूशन एरियात प्रत्येक माडीवर क्लास, प्रत्येक क्लासात परीक्षा, आणि प्रत्येक परीक्षेला कागदांचे ढीग. लातूरची पोरं डॉक्टर होतात की नाही ते मला माहीत नाही, कार्ट्रिज मात्र रिकामी होतात. मी जिने चढून रिकामी आणायचो, भरलेली द्यायचो, दादा खाली पोत्यावर बसून राखण करायचा. त्या दिवशी एका क्लासात तो माझ्यामागं वर आला. का आला कोण जाणे. मी सरांशी बोलतोय तोवर त्यानं टेबलावरचं भरलेलं कार्ट्रिज उचललं आणि आपल्या सवयीनं उलटं धरून आपटलं. वेस्टचं समजला असणार. पांढऱ्या फरशीवर सगळी ताजी पावडर, मुलींच्या ड्रेसवर, सरांच्या बुटांवर. पोरं खदाखदा हसली. आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तो रडला नाही. गालाला हात लावून माझ्याकडं बघत होता, मान हलवत होता, मी बरोबरच केलं असल्यासारखा. त्याला ओढत खाली आणला, पोत्यावर बसवला आणि म्हटलं, "बस इथंच. हललास तर बघ." मग वर जाऊन फरशी पुसली, सरांची मशीन साफ करून दिली, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. दोन तास गेले. खाली आलो तर पोतं होतं, दादा नव्हता. इमारतीचा वॉचमन म्हणाला, गाड्या लावायच्या होत्या, मी त्याला जरा सरक म्हटलं. किती सरक ते दादाला कुणी सांगितलं नसणार. कुणी थांब म्हणेपर्यंत तो चालतच राहिला असणार.

दोन दिवस लातूर पालथं घातलं. गंजगोलाई, रेल्वे स्टेशन, दवाखाने, देवळं. पोलिसात तक्रार दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नांदेडला आलो, कागद छापायला. हरवले आहेत, खाली फोटो, सुदाम, वय अठ्ठावन्न, नीट बोलता येत नाही, सगळ्यात खाली पत्ता आणि माझा फोन. घरच्या मशीनला लावून तीनशे कागद काढले. मशीनमध्ये घरचंच कार्ट्रिज होतं. दादानं गाळलेली पावडर. फळीवर, माझ्या हातापासून एका वितीवर, बँकेसाठी भरून ठेवलेलं ताजं कार्ट्रिज होतं, सकाळी पोचवायचं होतं. सांगतो ते खरं माना, मी कंजूषपणा नाही केला. माझ्या मनात हा विचार आलाच नाही की ते घ्यावं. ते गिऱ्हाइकाचं होतं. हे घरचं काम होतं. हात तिकडं गेलाच नाही. वीस वर्षांची सवय, दुसरं काय. कागद जरा करडे निघाले, लता म्हणाली फोटो काळपट आलाय का, मी म्हटलं ऊन नसल्यानं तसा दिसतोय.

सकाळी निघून लातूर, अहमदपूर, उदगीर, तिन्ही ठिकाणी चिकटवले. पाचव्या-सहाव्या दिवशी अहमदपूरला एका पानटपरीवाल्यानं हाक मारली, "काका, हे बघा," म्हणून अंगठा दाखवला. अंगठा काळा, आणि कागदावर दादाचा अर्धा गाल गायब. मग त्याच दिवशी ताज्या पावडरीचे नवे काढले, लातूरचे बदलले, अहमदपूरचे बदलले. उदगीरचे राहिले. जाऊ म्हटलं उद्या, मग दिवाळी आली, मग एका प्रेताची ओळख पटवायला बोलावलं, ते दुसऱ्याच कुणाचं निघालं, मग आणखी एकदा. मनाची समजूत घातली की उदगीरचे स्टँडच्या पत्र्याखाली आहेत, सावलीत आहेत, टिकतील. भिंतीवरच्या कागदाला कोण हात लावतंय. बस शंकरनगरला आली तेव्हा सूर्य खाली आला होता. शेजारचा म्हातारा उतरला. उतरताना म्हणाला, "कुणाला आणाया चालले का?" पिशवीतला शर्ट दिसत होता त्याला. मी म्हटलं, "हाव, भावाला." बोलताना माझा आवाज इतका खणखणीत निघाला की माझाच विश्वास बसला.

देगलूरला उदगीर रस्त्याला पत्र्याची खानावळ. दोन बाकडी, एक मोठा तवा. मी आधी कोपऱ्यांत बघितलं, बाकड्याखाली बघितलं, मागं नळावर बघितलं. मग चुलीपुढची म्हातारी उठली. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. माझे हात बघितले आणि तिनं तोंडावर पदर घेतला. "अय्यो," म्हणाली, "तसलेच हात." मला सगळं तिथंच कळलं. तरी मी विचारलं, दादा कुठं आहे. माणूस विचारतोच.

"कूर्चो, बस बाबा," पार्वतम्मा म्हणाली आणि माझ्या समोर बसली. "माघात गेला. ताप आला, चार दिस. डाक्तर आणला, सुया दिल्या. पाचव्या दिशी सकाळी उठवाया गेले तं थंड. ह्याच बाकड्यावर." मग पोलीस आले, पंचनामा झाला, फोटो निघाले, कुणी आलं नाही. नगरपालिकेच्या माणसांनी नेलं तेव्हा ती सोबत गेली होती, लांब उभी राहिली, आणि घरी येऊन अंघोळ केली, घरचं माणूस गेल्यावर करतात तशी. हे ती सांगत होती आणि मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होतो, सोडत होतो. रडू येईना. लाज वाटली. आठ महिने उठता बसता येणारं रडू आता कुठं जाऊन बसलं होतं?

गीतांजली, तिची सून, आतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. आत कागद होता. "हा त्यांच्या खिशात होता," म्हणाली. "ते आले तेव्हापासून. उदगीरहून ट्रकवाल्यानं सोडलं त्यांला. यील त्याला दाखवायचे. आपला फोटो म्हणून भिंतीवरचा काढून घेतला असणार." मी कागद उघडला. वर हरवले आहेत तेवढं ठळक होतं. सुदाम वाचता येत होतं. फोटोच्या जागी काळा ढग. खाली जिथं घडी पडली होती तिथं पत्त्याची ओळ नव्हतीच, घामानं आणि घासून सगळी गेलेली. फोनचे आठ आकडे होते, शेवटचे दोन नव्हते. माझं बोट लागलं तिथं आठव्या आकड्याचं शेपूट बोटावर आलं. "लातूर, लातूर एवढंच म्हणायचे," गीतांजली सांगत होती. "लातूरला किती सुदाम असतील वो? मग मी म्हणलं, दोनच आकडे गेलेत ना, शंभर नंबर होतात. शून्य शून्यपासून लावून बघू. रोज दुपारी गिऱ्हाईक न्हाई तवा दहा लावायचे. तुमचं कुणी हरवलं का म्हणून इचारायचं. ते बाजूला बसून राहायचे, मी फोन कानाला लावला की म्हणायचे, देवा? देवा?"

"चाळीसला एक माणूस लई घाण बोलला," ती म्हणाली. "घरी येऊन बघतो म्हणला. मग आमच्या ह्यांनी फोन काढून घेतला. ह्यांचाच फोन व्हता. आता हे गेल्या महिन्यात हैदराबादला कामाला गेले, मला फोन घेऊन दिला, तं सासूबाई म्हणल्या, उरलेले लाव. माणूस गेला तरी कुणीतरी वाट बघत असंल." आज तिसरी दुपार होती. चाळीस ते सदुसष्ट. आणखी सत्तावीस. तीन दुपारी आणखी लावले असते तर मी कार्तिकातच इथं आलो असतो आणि दादा याच बाकड्यावरून उठून चल म्हणाला असता. मी हा हिशेब मनात पुन्हा पुन्हा करत होतो. त्यात कुठं चूक निघेना.

"माझंच चुकलं," पार्वतम्मा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. "पोराला दटावाया पायजे व्हतं. माझ्या शब्दाभाईर न्हाई त्यो. म्या म्हणले, जाऊ दे, कशाला भांडण. पोलिसात बी गेले न्हाई, खानावळ नालीवर हाय, उठवतील म्हणून भ्याले. माफी कर बाबा. तुझा भाऊ माझ्या भेकडपणापायी गेला." तिनं माझ्यासमोर हात जोडले. ती म्हातारी, माझ्या आईच्या वयाची, जिनं चार महिने त्याला सांभाळला, ती मला हात जोडत होती. आणि मी गप्प बसू शकलो असतो. कुणाला कळणार होतं? हाव, जाऊ द्या आजी, नशीब, असं म्हणून मी उठलो असतो आणि रात्रीपर्यंत नांदेडला पोचलो असतो. तोंडात ते शब्द आलेही होते. पण ते जोडलेले हात मला बघवेनात. मी ते सोडवले आणि बोलायला लागलो. सगळं सांगितलं. कार्ट्रिजचे दोन भाग, मागचा कप्पा, वेस्ट, बरणी, साडीचा तुकडा. फळीवरचं ताजं कार्ट्रिज, जे मी घेतलं नाही. उदगीर, जिथं मी गेलो नाही. थोबाडीत मारली तेही सांगितलं. "तुमचं काही चुकलं नाही आजी. कागद कच्चा होता. तो मी छापला. गिऱ्हाइकाला मी कधी तसला कागद दिला नाही, एकदा पण नाही. माझ्या भावाला दिला."

पार्वतम्मा ऐकत होती. मला वाटलं तिला निम्मं कळलं नसेल, कार्ट्रिज म्हणजे काय हे तिला कुठून ठाऊक. पण तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मान हलवली. "आमचं बी तसंच हाय की," म्हणाली. "खानावळ म्हंजे दुसरं काय? गिऱ्हाइकाला गरम, घरच्याला उरलेलं. माझा नवरा जल्मभर रातचा भात खाऊन गेला. ही सून, लेक, मी, आमी समदे तेच खातो. कुणी मुद्दाम करतंय व्हय? हात तसाच चालतो. तू काय जगायेगळं केलंस?"

तेव्हा मला रडू आलं. आठ महिन्यांत कुणीतरी मला तू वाईट नाहीस असं म्हणत होतं, आणि तेही जिला म्हणायचा हक्क होता तिनं. मी हमसून हमसून रडलो. गीतांजलीनं पाणी आणून दिलं. एक ट्रकवाला जेवायला आला होता तो उभाच राहिला. रडून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी म्हातारीशी घरच्यासारखं बोलायला लागलो. तिच्यात आणि माझ्यात आता काही फरक राहिला नाही असं वाटलं. तिनंही उरलेलंच वाढलं, मीही उरलेलंच वाढलं. त्या भरात मी विचारलं. का विचारलं?

"मग दादाला बी रातचाच भात का, आजी?"

पार्वतम्माला मी काहीतरी भलतंच बोलल्यासारखं वाटलं.

"त्याला रातचं कसं वाढीन?" ती म्हणाली. "तो काय माझ्या घरचा व्हता? त्याला गरमच वाढलं. रोज."